पडद्यामागची जाई

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी गोधडी नाही, सतरंजी नाही आणि परवा सातवीतल्या एका महाभागाला वाटलं तसं हात पुसायचं फडकंही नाही. मित्रांनो, मी सिनेमाचा पडदा आहे. जुना आहे, विरलेला आहे, एका कोपऱ्यावर उंदरांनी ताव मारलेला आहे, पण पडदा आहे. आज तुमच्या चांदूर बाजारच्या शाळेत मी स्नेहसंमेलनापुरता बाहेर निघतो आणि उरलेलं वर्ष नकाशांच्या कपाटात झोपून काढतो. एके काळी मात्र माझ्यासमोर बसायला लोक तीन-तीन कोसांवरून गाड्या जुंपून यायचे. खोटं वाटत असेल तर घरी आजीला विचारा.

माझा जन्म अकोल्याचा, सत्तावन सालचा. तिथं जानराव नावाचे एक पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांचा जिवलग दोस्त ताहेर एका टॉकीजमध्ये मशीन चालवायचा. या दोघांनी एका म्हाताऱ्या फोटोवाल्याकडून चावीचा जुना कॅमेरा घेतला आणि ठरवलं की आपला सिनेमा आपणच काढायचा. कंपनीत बाहेरचं कुणीच नव्हतं. हिरो जानराव, व्हिलन त्यांचा धाकटा भाऊ देवमन, आणि हिरोइन जानरावांची बायको पंचफुलाबाई. ताहेरला कुणी बाहेरचा म्हटलं असतं तर पंचफुलाबाईंनी त्याची खैर ठेवली नसती.

गोष्टही पंचफुलाबाईंच्याच डोक्यातून निघाली. त्या आदल्याच हिवाळ्यात वस्तीतल्या रात्रीच्या वर्गात लिहा-वाचायला शिकल्या होत्या, त्यामुळं त्यांना अक्षरांशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं. चित्राचं नाव 'जाईचं पत्र'. जाईचा नवरा नागपूरला कामाला असतो. त्याचं पत्र आलं की गावातला एक लबाड माणूस तिला ते खोटंनाटं वाचून दाखवतो आणि तिला रडवतो. मग जाई चोरून अक्षरं शिकते, भर चावडीत त्याच्या हातातलं पत्र ओढून घेते आणि स्वतः वाचते. नवऱ्यानं तर तिला कधीचंच बोलावलेलं असतं. बस, एवढीच गोष्ट. पण मित्रांनो, एवढ्याशा गोष्टीनं माझ्यासमोर किती बाया ढसाढसा रडल्या याची मोजदाद नाही.

मला शिवलं ताहेरच्या आईनं, खातूनबींनी. मांजरपाटाच्या तीन पट्ट्या आडव्या जोडल्या, त्यामुळं माझ्या अंगावर दोन शिवणी आल्या. पहिल्यांदा नमुन्याची दोन मिनिटांची फिल्म माझ्यावर लावली, तर वरची शिवण बरोबर देवमनच्या नाकावरून गेली. सगळे पोट धरून हसले. खातूनबी बिचाऱ्या शरमल्या आणि उसवायला बसल्या. ताहेरनं त्यांचा हात धरला. "अम्मी, राहू दे. मैं देखता हूँ." त्यानं आईच्याच डोक्याचा एक लांब पांढरा केस घेतला आणि कॅमेऱ्यात बघायच्या काचेवर आडवा चिकटवला, अगदी शिवण जिथं येणार तिथं. मग सगळं चित्र काढताना त्याचं एकच पालुपद चालायचं, "शिवण सांभाळजा, वयनी. थोडी मान खाली घ्या." मुंबईत कुठल्या नटीला अशी शिवण सांभाळावी लागली असेल का सांगा.

बाळापूरच्या नदीकाठी चार महिने चित्रीकरण चाललं. फिल्म धुऊन येईपर्यंत कुणाला नीट झोप नाही. ती आली, ताहेरनं टॉकीजच्या मशीनवर सुरुवातीचा तुकडा चालवून पाहिला आणि मग एक भलतीच अडचण लक्षात आली. कॅमेरा मुका होता. चित्रात सगळे तोंडं हलवत होते आणि आवाजाचा पत्ता नव्हता. आवाज भरायचा तर मुंबईला जावं लागणार, आणि ते काही या लोकांना झेपणारं नव्हतं. जानराव कपाळाला हात लावून बसले. पंचफुलाबाई म्हणाल्या, "कावून तोंड पाडून बसले? तोंडं आपल्याजवळच हायेत नं? आपुन पडद्याच्या मांगून बोलू."

अशी आमची कंपनी बोलती झाली. दिवेलागणीला मला दोन बांबूंना ताणून बांधायचे. देवमन बादलीभर पाणी माझ्यावर शिंपडायचा, म्हणजे चित्र मागच्या बाजूनंही दिसावं. ताहेर समोर मशीन लावायचा, इंजिन फटफट करायला लागायचं, आणि माझ्या पाठीशी जानराव, पंचफुलाबाई आणि देवमन उभे राहायचे. ओल्या कापडातून चित्र बघत, तोंड हललं की बोलायचं. पहिला खेळ बाळापूरलाच झाला. देवमन घाबरून पहिलं वाक्य जाईच्या तोंडी बोलून मोकळा झाला. जाई मिशीवाल्या आवाजात खोकली आणि अख्खं गाव खदखदलं. पण पंचफुलाबाईंनी तोंड उघडलं तसं सगळे गप्प झाले. त्यांचा आवाज काही गोड नव्हता हो. विहिरीवर हाक मारणाऱ्या बाईचा होता, इंजिनाच्या वर चढणारा. लोकांना वाटलं, ही आपल्याच घरातली कुणीतरी बोलते आहे.

मग काय विचारता. अठ्ठावन ते बासष्ट, आमचा नुसता धुमाकूळ. चांदूर बाजार, चांदूर रेल्वे, पार अमरावतीच्या पलीकडं. एकाच्या दोन गाड्या झाल्या, गाडीच्या ताडपत्रीवर जानरावांनी निळ्या रंगात 'जाई चित्र कंपनी' रंगवलं. ज्या गावी जाऊ त्या गावचं नाव पत्रात यायचं. चांदूर रेल्वेला तर पत्रातला नवरा "स्टेशनावर मी घ्याले येतो" असं म्हणाला आणि टाळ्यांनी इंजिनाचा आवाज बुडाला. अशी मजा बाकी कुठल्या सिनेमात असते? आमचं चित्र रोज नवं असायचं. मला तर रोज अंघोळ आणि रोज नवे चेहरे.

इथं तुम्हाला माझं एक गुपित सांगतो. ते चित्र मी स्वतः कधी पाहिलेलं नाही. माझ्याच अंगावर होतं, मला कसं दिसणार? मला दिसायचे ते समोरच्यांचे चेहरे. आणि माझ्यासारखंच आणखी एक माणूस होतं, ज्यानं ते चित्र धड पाहिलं नव्हतं. पंचफुलाबाई.

मागून चित्र उलटं दिसतं, मित्रांनो. आरशात दिसतं तसं. पदर उलट्या खांद्यावर, आणि पत्रातली अक्षरं अशी फिरलेली की वाचताच येऊ नयेत. ज्या बाईनं अक्षरांसाठी हे सगळं मांडलं, तिला पडद्यावरची तीच अक्षरं उलटी बघावी लागायची. "एक वेळ मले समोरून पाहू द्या," त्या म्हणायच्या. पण फिल्मची प्रत एकच होती आणि ताहेर ती लेकरासारखी जपायचा. "वयनी, फिल्लम एक बार चलली का तेवढी घिसली. लोकाईशिवाय कशी चालवू?" लोक असले की फिल्म चालायची, आणि लोक असले की पंचफुलाबाईंना मागं उभं राहावं लागायचं.

जानरावांना ते लागून राहिलं होतं. त्रेसष्ट साली त्यांनी बायकोला न सांगता अमरावतीहून एक शिक्षिका आणली. फार सुरेख बोलायची. बाळापूरला खेळ होता. जानराव म्हणाले, "तू आज समोर बस." पंचफुलाबाई इतक्या हरखल्या की नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसल्या. चित्र सुरू झालं, पाटी झळकली, नदी दिसली, आणि मागून त्या बाई जाईचं सुरुवातीचं निवेदन पाठ म्हटल्यासारखं स्वच्छ बोलल्या. एकच वाक्य झालं असेल. मागून कुणीतरी ओरडलं, "हे कोन बोलून राहिलं? आमची जाई कोठी गेली?" मग सगळंच मैदान ओरडायला लागलं. जाई अजून चित्रात आलीही नव्हती, तिचं तोंडही दिसलं नव्हतं. पंचफुलाबाई उठल्या, पदर खोचला आणि मुकाट्यानं माझ्या मागं आल्या. त्या रडल्या नाहीत. मला मात्र त्या दिवशी लोकांचा फार राग आला.

पुढं दिवस फिरले. तालुक्याच्या गावांमध्ये पक्की टॉकीजं उभी राहिली, रंगीत चित्रं आली, गाणी आली. आम्ही हौसेनं देवमनच्या बैलांवर दुसरं चित्र काढलं, पण ते आपटलं. बैलांना काही अभिनय जमला नाही. 'जाईचं पत्र'ची फिल्म तर इतकी झिजली की जाईच्या तोंडावर पावसाच्या धारा लागल्यासारख्या दिसायच्या. एक गाडी गेली, मग दुसरी. सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात ताहेरनं फिल्म हातानं चाचपली आणि म्हणाला, "भाऊ, अजून एक बार. त्याच्या पुढचा भरोसा नाही." शेवटचा खेळ इथं, तुमच्या चांदूर बाजारला ठरला, बाजाराच्या दिवशी.

त्या दुपारी पंचफुलाबाई बाजारात फुटाणे घ्यायला गेल्या. मी शेजारीच भाड्याच्या गाडीत होतो, सगळं ऐकलं. फुटाणेवाली सुंदराबाई आमची जुनी भक्त. एक खेळ तिनं चुकवला नव्हता. तिनं विचारलं, "वं बाई, तेच ते चित्र पाहून तुले कटाया नाई येत का?"

पंचफुलाबाई हसल्या. "मी कोठी पाह्यलं वं? मी तं मांगंच उभी रायतो. आता आज झालं का सपलं."

सुंदराबाईनं फुटाण्यांचं माप त्यांच्या पदरात ओतलं आणि टोपलीवर फडकं टाकून उठली.

संध्याकाळी मला बांधलं, पाणी मारलं, इंजिन सुरू झालं. मैदान गच्च भरलं होतं. तिघं मागं उभे राहिले. इतक्यात सुंदराबाई तरातरा मागं आली आणि तिनं पंचफुलाबाईंचा दंड धरला. "तू चाल समोर."

"मंग जाई कोन बोलन?"

"आमी बोलतो. समद्या बाया. आठ वर्सं आयकलं, का फुकट आयकलं?"

जानरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना बाळापूर आठवलं. पण ताहेरनं मशीन सुरू केलंही होतं.

जाईचं पहिलं वाक्य आलं तेव्हा समोर बसलेल्या बायांचा एकच गोंधळ उडाला. कुणी आधी बोललं, कुणी नंतर, एक म्हातारी तिसरंच काही बोलली. लोक हसले, पण या वेळी कुणी थांबवलं नाही. दुसऱ्या वाक्याला आवाज जरा जुळले. नदीवरच्या प्रसंगापर्यंत तर शे-दीडशे बाया एका सुरात बोलत होत्या, आणि माझ्या मागं जानराव आणि देवमन त्यांना उत्तरं देत होते. मी पुरता गोंधळलो होतो. आठ वर्षं आवाज पाठीकडून यायचा, आज तो तोंडावर येत होता.

आणि पहिल्या रांगेत पंचफुलाबाई होत्या. बाळापूरचे ते दोन क्षण सोडले तर आठ वर्षं त्यांना मी फक्त पाठीला जाणवणारा श्वास म्हणून ओळखत होतो. त्या दिवशी त्यांचा चेहरा उजेडात मन भरून पाहिला. त्या आधी स्वतःकडं बघून पुटपुटल्या, "माय वं, माहा पदर तं बराबर हाये." शेजारची बाई हसली, त्याही हसल्या. मग चावडी आली. जाईनं हात पुढं केला आणि सगळं मैदान गरजलं, "आन ते इकडं. माहं पत्र मी वाचतो."

पत्र माझ्यावर आलं, मोठं, सरळ. पंचफुलाबाईंचे ओठ हलायला लागले. त्या बोलत नव्हत्या. वाचत होत्या.

मित्रांनो, माझ्यासमोर हजारो माणसं बसली, पण इतका आनंद मी कुणाच्या तोंडावर पाहिला नाही.

कंपनी त्या दिवशी बंद झाली. जानराव पुन्हा पाट्या रंगवायला लागले, ताहेर इंजिनं दुरुस्त करू लागला, आणि मला पंचफुलाबाईंनीच धुऊन, घडी घालून तुमच्या शाळेला दिलं. आता मी तुमच्या नाटकांपुढं उघडतो आणि मिटतो. माझ्यावर हात पुसू नका, एवढं तर मी सांगणारच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. दर संमेलनाला माझी दोरी ओढणारा शिपाई श्रावण माझ्या मागं उभा असतो. गेल्या वर्षी त्याची मुलगी नाटकात राणी झाली होती, आणि ती त्यानं पाठमोरीच पाहिली. या वर्षी ती पुन्हा काम करते आहे. तेव्हा दोरी तुमच्यापैकी कुणीतरी धरा आणि त्याला पहिल्या रांगेत बसवा.