बर्फ कारखान्याच्या गच्चीची शिडी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. मला अकरा पायऱ्या आहेत. होड्या बांधणाऱ्या एका सुताराने उरलेल्या सागवानातून मला घडवलं. समुद्राकाठच्या बर्फाच्या कारखान्यात गच्चीवर जायला जिना नव्हता, म्हणून माझी तिथे नेमणूक झाली.

पाण्याची टाकी पाहायला कारखान्याचे मिस्त्री रोज माझ्यावरून वर जात. गच्ची तापू नये म्हणून तिच्यावर गोट्यांचा जाड थर पसरलेला होता. तो माणसांनी स्वतःच्या सोयीसाठी घातला, पण मनापासून आवडला तो सुरय पक्ष्यांना. पांढरंशुभ्र अंग, डोक्यावर काळी टोपी, कात्रीसारखी शेपटी. दरवर्षी ठरल्या वेळी ते समुद्र ओलांडून येत आणि त्या गोट्यांतच अंडी घालत. अंडी हुबेहूब गोट्यांसारखी. मिस्त्री तिथे लंगडी घातल्यासारखे चालत.

एखादं पिल्लू कठड्याच्या फटीतून खाली पडलं की मिस्त्री त्याला टोपीत घालून वर नेत. पिल्लाच्या आईबापांना मात्र या उपकाराचं काही नव्हतं. ते थेट मिस्त्रींच्या टकलावर चोची मारत. शेवटी त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, त्यांच्या डोक्यावर घरातलं जुनं पातेलं ठेवलं. "आधीच केस नाहीत, निदान कातडी तरी राहू द्या," त्या म्हणाल्या.

ते माझे सुखाचे दिवस होते. मग मिस्त्री वारले. पुढे कारखानाही बंद पडला. मला कोणीतरी मागच्या भिंतीशी आडवं टाकलं आणि विसरून गेलं. ऊनपावसात माझा रंग उडाला, चौथी पायरी कुजली. मला वाटलं, आता चूल तेवढी बाकी आहे.

पण त्या वर्षी सुरय आले, आणि एक पिल्लू खाली पडलं. काकू कारखान्यामागच्या, कामगारांच्या खोल्यांतच राहत. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे. त्यांनी मला उभं केलं, मिस्त्रींचं पातेलं डोक्यावर चढवलं आणि चौथी पायरी ओलांडून त्या वर गेल्या. उतरल्यावर त्या बराच वेळ माझ्यावर हात ठेवून उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नवी पायरी बसवून घेतली.

तीन वर्षं अशी गेली. मग बातमी आली. कारखाना आणि खोल्या पाडून तिथे मोठी इमारत होणार होती. प्रत्येक कुटुंबाला नवं घर मिळणार होतं, काकूंनाही. पण पाडायची तारीख नेमकी पिल्लांच्या दिवसांत आली.

काकूंनी महिनाभर थांबा म्हटलं, तर शेजारी चिडले. जाळी विणणारे भाऊजी सगळ्यांत जास्त.

"वहिनी, पाखरांसाठी आम्ही गळक्या छपराखाली राहायचं का? माझ्या आईचं अंथरूण रोज ओलं होतं."

"माझंही होतं, भाऊजी," काकू म्हणाल्या. "घर मलाही हवंय. पण या लेकरांना अजून पंख फुटले नाहीत."

भाऊजी पाठ फिरवून निघून गेले. त्यानंतर काकूंशी कोणी धड बोलेना. पिल्लांकडे पाहायला त्या जात, तेव्हा खोल्यांची दारं लागत.

एके सकाळी बांधकामाच्या इंजिनीयरबाई मोजमापं घ्यायला आल्या. काकूंनी पातेलं पुढे केलं. बाई हसल्या आणि तशाच चढल्या. अर्ध्या मिनिटात केस विस्कटून, खांद्यावर पांढरा शिंतोडा घेऊन परत खाली. पातेलं मागून घेतलं आणि पुन्हा वर. या वेळी त्या लवकर उतरल्या नाहीत. उतरल्या तेव्हा आवाज हळू झाला होता.

"माझ्या बुटाशेजारीच एक पिल्लू होतं. मला दिसलंच नाही. किती दिवसांत उडतील?"

"पंचवीस. फार तर तीस."

"मी मालकांशी बोलते. वचन देत नाही."

मालकांनी खूप कुरकुर केली, पण महिना मिळाला. आणि त्याच संध्याकाळी भाऊजी खांद्यावर जुनं जाळं टाकून माझ्यापाशी आले. "कठड्याला बांधतो," ते काकूंकडे न पाहता म्हणाले. "सारखी पडतात, तुम्ही सारख्या चढता. पडलात तर आम्हालाच उचलावं लागेल."

पिल्लं उडाली, मगच कारखाना पडला. आवाराच्या टोकाला एक बसकं कोठार होतं. ते इंजिनीयरबाईंनी नकाशात पंपखोली म्हणून राखलं. जुन्या गच्चीवरचे गोटे शेजाऱ्यांनी आधीच टोपल्यांत भरून माझ्यावरून खाली आणले होते. तेच आता कोठाराच्या छतावर पसरले.

पुढच्या वर्षी सुरय आले आणि जिथे गच्ची होती तिथे हवेत घिरट्या घालत राहिले. दिवसभर ओरडले. काकूंना जेवण जाईना. "मी त्यांना सांगू कसं?" त्या भाऊजींना म्हणाल्या. नवव्या दिवशी एक जोडी कोठारावर उतरली. मग आणखी एक. जुन्या गच्चीवर चाळीस जोड्या असत, त्या वर्षी दोनच राहिल्या. यंदा सतरा आहेत. बाकीच्या कुठे गेल्या, कोणालाच माहीत नाही.

काकू आता नव्या घरात राहतात. त्यांना चढवत नाही. भाऊजी चढतात, काकू खाली मला धरून उभ्या राहतात आणि वर काय दिसतं ते विचारत राहतात.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, घरं बांधाल. जरूर बांधा, माणसाला कोरडं अंथरूण हवंच. फक्त जुनं काही पाडण्याआधी कोणाला तरी शिडी लावायला सांगा, आणि वर कोण राहतं ते एकदा स्वतः चढून पाहा.