गरम फोनचा कौल

शिंपीणबाईंच्या खोलीत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. आळीतल्या बाया फोन चार्जरला लावून, छातीशी घट्ट धरून, डोळे मिटून बसल्या होत्या. प्रत्येकीच्या फोनवर संकल्पगुरू लाइव्ह घुमत होते, "व्हिडिओ बंद करू नका. लाखो मनांची ऊर्जा तुमच्या फोनमध्ये उतरते आहे. आता... घ्या!"

सगळे फोन एकदम थरथरले.

"गरम झाला गं बाई!"

"माझा तर चटका देतोय!"

शिंपीणबाईंच्या डोळ्यांना धार लागली. आत खाटेवर त्यांचे यजमान पडून होते. सरकारी दवाखान्यातलं डायलिसिस बंद होणार होतं आणि त्यावर हरकत घ्यायची सुनावणी नेमकी त्याच वेळी सभागृहात चालू होती. तारीख फोनवरूनच आळीभर पोचली होती. सगळे जाणारही होते. पण गुरूंनी फर्मावलं, "तिथे जाऊन घसा कशाला कोरडा करता? गर्दीत ऊर्जा फुटते. घरी बसा, शेअर करा. फोन गरम झाला की समजा, निर्णय फिरला." चप्पल न घालता सरकार हलवायची सोय झाली. लोकांना आणखी काय हवं?

दुपारी शिंपीणबाईंची नणंद आली. शाळेत विज्ञान शिकवायची, जिभेने तिखट. आळीतून सुनावणीला ती एकटीच गेली होती. बाया अजून एकमेकींचे फोन हाताळत बसल्या होत्या.

"झालं ना ते बंद करणं रद्द?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"झालं. दादाचं मशीन रद्द झालं. साहेबांनी रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं. म्हणाले, एका बाईसाठी काय थांबवायचं? पुढचा विषय घ्या."

"पण फोन तर गरम झाले होते, वन्सं!"

नणंदेने वहिनीचा फोन चार्जरला लावला, नवरीच्या मेकअपचा व्हिडिओ सुरू केला आणि फोन पदरात गुंडाळून तिच्या मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने तोही तापला.

"आता कोणाचा निर्णय फिरला? नवरीचा?"

मग तिने आळीच्या ग्रुपवर नुसता एक ठिपका पाठवला. खोलीतले सगळे फोन थरथरले. "ही तुमची ऊर्जा! गुरू 'घ्या' म्हणतात, तेव्हा त्यांचा माणूस त्यांच्या ग्रुपवर मेसेज सोडतो. बघा उघडून."

बायांनी बघितलं. बरोबर त्या वेळचा मेसेज होता, नुसते जोडलेले हात.

"तुम्ही अविश्वासाने तिथे गेलात, म्हणून साखळी तुटली," शेजारीण फणकारली. निम्म्या बायांनी माना डोलावल्या. गुरूंनी तोवर लाइव्हवर दुसऱ्या गावाच्या पुलाचा संकल्प हाती घेतला होता.

"पुढच्या सुनावणीला मी येते," शिंपीणबाई पुटपुटल्या.

"पुढची नसते, वहिनी. हरकतीला एकच दिवस होता."

आतून यजमानांनी हाक मारली, "अगं, परवा मला कुठे न्यायचं ठरलं?"

दुसरं मशीन दिवसभराच्या वाटेवर होतं आणि त्यांना जिना उतरणंही झेपत नव्हतं.

फोनवर राग काढायला हे लोक आता मोकळे आहेत, पण फोनचा काय दोष? त्याने तारीख सांगितली, लोक जमवले. पुढचं काम पायांचं होतं. रिकाम्या खुर्चीची हरकत कोणी ऐकत नाही, आणि तापलेला फोन कोणाचंही रक्त साफ करत नाही.