दोन लहान, एक लांब

दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मोटार आमच्या मलकापूरच्या घरासमोर, रस्त्यापलीकडच्या सरकीच्या रिकाम्या शेडमध्ये उभी होती. तोंड आमच्या फाटकाकडे. लढाईत पेट्रोलवर रेशन आलं तेव्हा दादांनी ती तिथे लावली, आणि त्यानंतर चार वर्षं ती हलली नाही. दोनच माणसांची, लाल रंगाची, शर्यतीच्या घाटाची गाडी. एक इंग्रज इंजिनिअर विलायतेला परत जाताना ती दादांना देऊन गेला होता. इतकी ठेंगणी, की बैलगाडीतून जाणारा माणूस तिच्या टपावरून पलीकडचं पाहू शके. गावात तिला ‘बसकी’ म्हणत.

मी १९४६ च्या उन्हाळ्यात बी.एस्सी. होऊन नागपूरहून घरी आलो, तेव्हा दादा आजारातून उठले होते. म्हणजे चालत होते. पौषात त्यांना झटका आला होता. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत होता, आणि नीळकंठराव वकिलांच्या ज्या जिभेला बुलढाण्याच्या कोर्टात लोक वचकून असत, तिच्यावर आता वीस-पंचवीस शब्द उरले होते.

रोज संध्याकाळी ते काठी टेकत रस्ता ओलांडायचे, बसकीत बसायचे आणि डाव्या हाताने स्टिअरिंगच्या मधलं बटण दाबायचे. दोनदा लहान, एकदा लांब. भोंगा वाजायचा नाही. बटणाचा नुसता ‘टक्’ असा आवाज यायचा. पुन्हा दोन लहान, एक लांब. मग त्यांचा चेहरा लाल व्हायचा, मानेची शीर फुगायची, ते मुठीने स्टिअरिंगवर मारायचे. अर्ध्या तासाने दमून उतरायचे आणि घरी येऊन जेवायचे.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “राग येऊ देऊ नका. रक्तदाब असाच चढत राहिला, तर दुसरा झटका येईल. मग माझ्या हातात काही नाही.”

कारण दिसत होतं, म्हणून उपायही दिसत होता. मी ठरवलं, बसकी दुरुस्त करायची. सगळी जमली तर सगळी, पण भोंग्यापासून सुरुवात.

या भोंग्याला आमच्या घरात एक काम होतं. दादा कोर्टातून बसकीने राजूर घाट उतरून यायचे, ते इतक्या वेगाने की आईचा जीव दिवसभर टांगलेला असायचा. फाटकापुढे गाडी थांबली की दोन लहान, एक लांब. मग आई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन यायची, दादांवरून आणि गाडीवरून ओवाळून टाकायची, आणि स्वतः फाटक उघडायची. गडी घरात असला तरी त्याला उघडू द्यायची नाही. दादा म्हणायचे, “कलेक्टरच्या बंगल्यात मी न विचारता शिरतो. माझ्याच घरात शिरायला मला भोंगा वाजवून अर्ज करावा लागतो.”

आईला, अन्नपूर्णाबाईंना, विषमज्वराने जाऊन दोन वर्षं झाली होती. झटक्यानंतर दादांनी तिच्याबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. त्यांच्या आठवणीतला तेवढा भाग पुसला गेला, असं मी आणि माझी बहीण शकुंतलाताई धरून चाललो. ते बरंच झालं, असंही धरलं.

कारभारी मिस्त्री जिनिंग फॅक्टरीत इंजिनं सांभाळायचे. वीस वर्षं जिनांच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना कानाने कमी ऐकू यायचं. ते दाताने ऐकायचे. पेचकसाचं टोक इंजिनाला लावून मूठ दाताखाली धरायची, की कुठलं बेअरिंग झिजलं आहे ते त्यांना जबड्यात कळायचं. मी हे करून पाहिलं. खरंच कळतं.

त्यांनी बसकीचे एकाच बटणावर वाजणारे दोन्ही भोंगे सोडवले, एकात काडी घातली आणि सुकलेली माती बाहेर काढली.

“भाऊ, याच्यात तं कुंभारीण नांदून राह्यली. भरला संसार हाय.”

कुंभारमाशीने दोन्ही कर्ण्यांत घरं बांधली होती, आणि आतला पोलादी पडदा गंजून त्याची चाळण झाली होती. मी मुंबईच्या तीन दुकानांना पत्रं लिहिली. दोन उत्तरं आली, दोन्हींत तेच : लढाईमुळे माल नाही, केव्हा येईल सांगता येत नाही. मग आम्ही जवळपास शोधायला लागलो.

शेगावला शेषरावांच्या मोटारी स्टेशनवरून मंदिरापर्यंत यात्रेकरू नेत. त्यांतली एक टायरांवाचून विटांवर उभी होती.

“वकीलसाहेब बसकीत बसून कुठं जाऊन राह्यले आता?” शेषरावांनी विचारलं.

“कुठे नाही. नुसते बसतात.”

“अन् भोंगा कायले पाह्यजे?”

“वाजवायला.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “बी.एस्सी. झाले नं तुमी?”

मी ‘हो’ म्हणालो. ते बराच वेळ हसले, आणि मग स्वतःच पाना घेऊन उठले. “घेऊन जा. त्याइनं माझं परमिट सोडवलं होतं. या मोटारीचे पाय तं गेले, तोंड तरी कामी येऊ द्या.”

दुसरा भोंगा जानेफळला मिळाला. तिथल्या रामरावांनी लष्कराच्या विक्रीतून लॉरीचा भोंगा आणि बॅटरी आणली होती, ज्वारीतली रानडुकरं हाकलायला. ते म्हणाले, “पयल्या दिवशी डुकरं पळाले. दुसऱ्या दिवशी उभे राहून ऐकले. तिसऱ्या दिवशी भोंगा वाजला की जमा होऊ लागले. न्या बाप्पा हे वाजंत्री.”

जुन्या भोंग्यांचे सूर ताईच्या ध्यानात होते. तिने पेटीवर दाखवले : खालचा सा आणि वरचा ग, दोन्ही एकदम. शेगावचा भोंगा सा ला बरोबर बसला. जानेफळचा ग ला थोडा कमी पडत होता. कारभाऱ्यांनी त्याच्या पाठीचा स्क्रू केसभर फिरवला, पेचकस दाताखाली धरला, पुन्हा फिरवला. ताई पेटीवर ग धरून बसली होती.

“जमला,” ती म्हणाली.

“मले आधीच समजलं होतं,” पेचकस तोंडात ठेवूनच कारभारी म्हणाले.

आता अडचण विजेची होती. दोन्ही भोंगे अमेरिकन, सहा व्होल्टचे. बसकी बारा व्होल्टची, सीटमागे सहा-सहाच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या. हा तर माझा विषय. भोंगे एकापुढे एक असे जोडले, की बारा व्होल्ट दोघांत वाटले जातील आणि प्रत्येकाला सहा मिळतील. मी दोघांचे रोध, म्हणजे विजेला होणारे अडथळे, मोजले, जवळजवळ सारखे भरले. कागदावर आकृती काढली आणि त्याप्रमाणे तारा जोडल्या. बॅटऱ्या फॅक्टरीच्या डायनामोवर भरून आणल्या. तेव्हा संध्याकाळ झाली होती, आणि जोडून पाहायच्या आधीच मी घरात जाऊन म्हणालो, “दादा, आज वाजेल.”

ते मी बोलायला नको होतं. दादांनी न्हाव्याला बोलावून दाढी करून घेतली आणि कोट घातला.

ते बसकीत बसले. बटण दाबलं. दोन्ही भोंगे मिळून ‘खर्र, टक्, खर्र’ असे काहीतरी पुटपुटले आणि थांबले. दादांनी पुन्हा दाबलं. खर्र. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मुठीने बटणावर मारायला लागले, एकदा, दोनदा, किती वेळा ते मला मोजता आलं नाही. तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून लाळ गळायला लागली. मी त्यांचं मनगट धरलं. नाडी मिनिटाला एकशे सोळा होती. मी आणि कारभाऱ्यांनी त्यांना उचलून घरी आणलं. दोन दिवस ते अंथरुणावर होते, आणि ते दोन दिवस मी उशाशी बसून त्यांच्या ओठाचा कोपरा आणखी खाली गेला का, ते पाहत होतो.

तिसऱ्या दिवशी कारभाऱ्यांनी माझा कागद मागितला. उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

“हिशेब बरोबर हाय नं?”

“बरोबर आहे.”

“भोंग्याइले सांगितला का?”

त्यांनी पेचकस आधी एका भोंग्याला लावला, मग दुसऱ्याला, आणि मला बटण दाबायला सांगितलं. “आतमंदी जे टिचकी हाय, तारेले जोडते अन् तोडते, तेच त्याइचा आवाज. आता दोघाइची तार एकच. हा आवाज काढाले जाते तं तो तार तोडते. तो काढाले जाते तं हा तोडते. दोघं एकमेकाचं नरडं धरून राह्यले, भाऊ.”

ते अगदी खरं होतं. मी भोंगा म्हणजे नुसता रोध धरला होता. सेकंदाला शेकडो वेळा उघडमीट करणारी वस्तू मी कागदावर एक स्वस्थ, सरळ रेघ म्हणून काढली होती. मला लाज वाटली, आणि समजल्याचा आनंदही झाला. तो आनंद त्या घरात ठेवायला जागा नव्हती.

कारभाऱ्यांनी बटणाखाली पितळेची दुहेरी पट्टी बसवली. एकाच दाबात दोन जोड : प्रत्येक भोंग्याला त्याची स्वतःची बॅटरी. या वेळी आम्ही आधी दुपारी, दादा झोपलेले असताना, शेडचं दार लावून अर्धा सेकंद वाजवून पाहिलं. पत्र्यावरची कबुतरं उडाली. पेटीची गरज नव्हती.

संध्याकाळी मी दादांना काही सांगितलं नाही. ते नेहमीसारखे रस्ता ओलांडून गेले, बसले आणि त्यांनी बटण दाबलं.

दोन लहान, एक लांब.

सा आणि ग एकदम, जसे मी शाळेत असताना रोज ऐकायचो. कारभाऱ्यांनी मांडीवर थाप मारली. ताई ओसरीवर उभी राहून रडत होती. दादांचा हात बटणावरून खाली आला. चेहरा निवला. त्यांनी डाव्या हाताने सदऱ्याचं वरचं बटण लावलं, टोपी सरळ केली आणि फाटकाकडे पाहत बसले.

पाच मिनिटं गेली. मला वाटलं, सुख झालं आहे, बसू दे. दहा मिनिटं गेली.

“चला दादा, जेवायला.”

“थांब.”

“कशासाठी?”

“येईल.”

माझ्याआधी ताईला समजलं. ती धावत आत गेली, भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन आली, फाटक उघडून रस्ता ओलांडला आणि त्यांच्यावरून ओवाळायला लागली. दादांनी मान बाजूला केली. ताईमागे कोणी आहे का ते पाहिलं.

“तू काऊन आली? तिले येऊ दे.”

दिवेलागण होऊन गेली तरी ते बसून राहिले. शेवटी आम्ही त्यांना धरून आत आणलं. ते रागावले नाहीत. पानावर बसले, पण घासाला हात लावला नाही. “ती येऊ दे,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दोन लहान, एक लांब, आणि मग वाट पाहणं. पोटात चार चमचे दूध आणि पाणी. डॉक्टरांनी नाडी पाहिली : शहात्तर. रक्तदाब गेल्या सहा महिन्यांत एवढा चांगला नव्हता. “भोंग्यानं काम केलं,” ते म्हणाले.

“पण ते जेवत नाहीत.”

“जेवतील. राग नाही, हे महत्त्वाचं.”

त्या संध्याकाळी मी बसकीच्या पायरीवर, दादांच्या गुडघ्याशी बसलो आणि सांगितलं. “दादा, आई नाही. ती गेली. दोन वर्षं झाली.”

ते माझ्याकडे नीट पाहत होते. पढवून आणलेल्या साक्षीदाराकडे पाहावं तसे.

“कोणी पाह्यलं?”

“मी. मी तिथेच होतो. तुम्हीही होतात, दादा.”

त्यांनी बटणावर बोट टेकवलं, दाबलं नाही. “भोंगा वाजला,” ते म्हणाले. “वाजला नं?”

“वाजला.”

“मंग?”

पुरावा मीच तयार केला होता, दोन गावं फिरून, सूर जुळवून.

चौथ्या सकाळी कारभारी आले. शेडमध्ये उभे राहून त्यांनी भोंग्याच्या कर्ण्यावर फडकं फिरवलं. “वकीलसाहेब आधी भोंग्यावर रागवत, भाऊ. भोंगा चांगला होऊन बसला. आता त्याइनं कोनावर रागवावं?”

एवढंच बोलून ते कामावर गेले. मी बॉनेट उघडून, भोंग्यांकडे जाणाऱ्या दोन्ही तारांचे वीतभर तुकडे काढले आणि खिशात घातले.

संध्याकाळी दादा बसले. बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्. मानेची शीर वर आली, चेहरा लाल झाला. त्यांनी स्टिअरिंगवर मूठ मारली. मी शेजारी उभा होतो, आणि या वेळी त्यांचा हात धरला नाही.

“मेला भोंगा!” दादा ओरडले. “तिले ऐकू कसं जाईन?”

“बिघडला आहे, दादा.”

“कारभाऱ्याले सांग.”

“सांगतो.”

ते काठी घेऊन उतरले, माझ्या खांद्यावर भार टाकून रस्ता ओलांडला आणि पानावर बसले. दीड भाकरी खाल्ली. ताईने वाढताना माझ्याकडे पाहिलं नाही.

आता दर आठ दिवसांनी कारभारी येतात. दादांसमोर बॉनेट उघडतात, पेचकस दाताखाली धरतात, डोळे मिटून बराच वेळ ऐकतात आणि मान हलवतात. “सामान मुंबईहून याचं हाय, वकीलसाहेब. लढाईमुळं अडकलं.” दादा त्यांच्यावर खेकसतात. कारभारी ऐकून घेतात.

मी रोज रात्रीच्या जेवणाआधी दादांची नाडी मोजतो आणि वहीत लिहितो. काल एकशे चार होती. आज एकशे आठ.