पटावरचा सतरावा नंबर

खडू सकाळपासून हजेरीचा पट पुन्हा पुन्हा चाळत होती. दहावीची ही मॉनिटर. फळा पुसण्यापासून हजेरी घेण्यापर्यंतची सगळी कामं तिच्याकडे, हाताला कायम पांढरी पूड, म्हणून वर्गानं तिचं नाव खडू पाडलेलं. हजेरी ती रोजच घ्यायची, पण आज ती तपासणीच्या बाईंसमोर घ्यायची होती.

नववी-दहावी मिळून चाळीस मुलं असतील तरच शाळा चालू राहील, असा कागद वरून आला होता. एक जरी कमी भरलं, तरी पुढच्या वर्षी शाळेला कुलूप आणि सगळ्यांनी अकरा किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत जायचं. दोन्ही वर्गांच्या एकत्र पटावर नावं चाळीस होती, वर्गात मुलं एकोणचाळीस. सतरा नंबरची मुलगी चार महिने शाळेकडे फिरकली नव्हती. तिला सगळे भोपू म्हणायचे, कारण ती कानात कुजबुजली तरी पलीकडच्या वर्गात ऐकू जायचं. पाचवीपासून ती आणि खडू एकाच बाकावर बसायच्या.

आदल्या दिवशी हेडसरांनी खडूला ऑफिसात बोलावून दार लोटून घेतलं होतं.

"तुझी ती सातवीतली मावसबहीण, उंच आहे ना? उद्या तिला आपला गणवेश घालून आण. सतरा नंबर म्हटलं की ती हजर म्हणेल. तू फक्त न अडखळता वाच."

"पण सर, हे..."

"मला काय हौस आहे का गं? शाळा गेली तर निम्म्या मुली घरी बसतील. तुझे बाबा तुला रोज अकरा किलोमीटर पाठवतील?"

पाठवणार नव्हते. खडू मान खाली घालून बाहेर आली होती.

आता तपासणीच्या बाई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकाला, मांडीवर वही. हेडसर दारात उभे. एरवी हजेरीच्या वेळी नुसता कल्ला चालायचा. आज पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"पंधरा."

"हजर."

"सोळा."

"हजर, बाई."

खडूनं बोट पुढच्या ओळीवर ठेवलं. "सतरा."

"हजर," मावसबहीण कशीबशी म्हणाली. उसना गणवेश तिच्या खांद्यावरून घसरत होता.

बाईंची पेन्सिल थांबली. "इकडे ये बाळ. परवा विज्ञानात काय शिकवलं?"

पोरीनं खडूकडे पाहिलं. तिनं गणवेशाची बाही मुठीत धरली.

"जरा लाजरी आहे ती," हेडसर घाईघाईनं म्हणाले.

"असू दे. मॉनिटर, तू सांग. हीच सतरा नंबर का?"

वर्गातले सगळे डोळे खडूवर खिळले. हेडसरांनी नजरेनंच 'हो म्हण' असं खुणावलं. आपण स्वतः खोटं बोलायचं, याची तयारी खडूनं रात्रभर केली होती. पण ते बारकं पोर सगळ्यांसमोर चोरासारखं उभं राहील, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"नाही, बाई. ही माझी मावसबहीण आहे. मीच आणलं तिला."

"तुला कोणी सांगितलं?"

खडूनं नजर पटात घातली.

"मी सांगितलं," दारातून आवाज आला. हेडसरांनी रुमालानं मान पुसली. "पोरीचा दोष नाही."

बाईंनी चष्मा काढला. "खरी मुलगी कुठे आहे?"

"घरी. तिचे बाबा शिडीवरून पडले, खुबा मोडला. तेव्हापासून त्यांची पोल्ट्री तीच बघते," खडू म्हणाली.

"मी तीन वाजता निघणार. डोळ्यांनी दिसेल तेवढंच लिहीन."

"ती तीनच्या आत आली तर?"

"आली तर दिसेल."

दोन वाजायला आले होते. हेडसरांनी आपल्या सायकलची किल्ली खडूच्या हातात ठेवली.

कच्च्या रस्त्यावरून खडूनं जीव खाऊन सायकल हाणली. शेडमध्ये भोपू कोंबड्यांची पाण्याची भांडी घासत होती. तिच्या केसांत भुसा अडकला होता. खडूनं धापा टाकत सगळं सांगितलं, तरी तिचे हात थांबले नाहीत.

"चार महिने झाले," भोपू शेवटी म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो खाली होता. "शाळा सुटल्यावर रोज रस्त्याकडे बघायचे मी. आज आलीस. तुला मी हवीय की माझा नंबर?"

खडूला 'तू' म्हणायचं होतं, पण आज आणखी एका खोट्याची तिच्यात ताकद नव्हती.

"नंबर. नंबर कमी पडला म्हणून आले. त्याआधी यायला हवं होतं, पण काय बोलायचं तेच कळत नव्हतं, म्हणून टाळत राहिले."

भोपूनं हातातलं भांडं आपटलं. शेडभर कलकलाट झाला. ती पाठ फिरवून दुसरं भांडं घासायला लागली. खडूला घड्याळाकडे बघायचीही चोरी झाली होती.

"आई!" भोपू एकदम ओरडली. "तासभर पाण्याकडे बघ गं!"

येताना सायकल भोपूनं चालवली, खडू मागे बसली. फाटकापाशी पोहोचल्या तेव्हा बाईंच्या जीपचं इंजिन सुरू झालं होतं. खडू उडी मारून धावली आणि जीपसमोर हात पसरून उभी राहिली.

"सतरा नंबर," मागून भोपू म्हणाली. पायांत चिखलाचे बूट, अंगात घरचे कपडे. "आज हजर आहे. उद्याचं माहीत नाही. सकाळचं दाणापाणी मलाच बघावं लागतं. अकरानंतर वर्गात घेतलं तर येईन."

बाईंनी हेडसरांकडे पाहिलं.

"घेऊ," हेडसर म्हणाले. "राहिलेले तास शाळा सुटल्यावर मी स्वतः घेईन."

"खोट्या हजेरीबद्दलही मी लिहिणार आहे, सर."

"लिहा."

बाईंनी वही उघडली, काहीतरी लिहिलं आणि जीप गेली.

महिन्यानं पत्र आलं. शाळेला एक वर्षाची मुदत, हेडसरांना लेखी ताकीद. मुलांनी बाकं वाजवली. हेडसरांनी पत्राची घडी खिशात घातली आणि फळ्याकडे वळले.

भोपू रोज अकराच्या पुढे यायची. पण बसायची खिडकीजवळच्या बाकावर, एकटी. खडूनं 'का' म्हणून कधी विचारलं नाही. ती शाळा सुटल्यावर भोपूचे जादा तास संपेपर्यंत थांबायची आणि दोघी पोल्ट्रीकडे चालत जायच्या. आठवडाभर भोपू पुढे आणि खडू मागे. मग एका संध्याकाळी भोपू वळणावर थांबली.

"चाल की भरभर," ती म्हणाली. "भूमितीचं ते प्रमेय मला अजून कळलेलं नाही."