सात नाताळ परत आलेला केक

मी बाजारहत्नूरच्या महिपतरावांच्या कोठ्यात, दोन बैलांच्या मधोमध खुंटीला टांगलेला पत्र्याचा डबा बोलतोय. हसू नका. माझ्याइतका पोळलेला डबा या भागात दुसरा नाही, आणि माझ्याइतका बेचैन तर मुळीच नाही. दिवाळी सरली की माझा पत्रा आपोआप कडकड वाजायला लागतो. बैलांना वाटतं, थंडीनं आखडतोय. वाटू द्या.

जन्मानं मी सरकीच्या तेलाचा, पंधरा किलोचा. तेल संपल्यावर मला शहराला लागून असलेल्या मावल्याच्या तुळजाबाईनं नेलं. तिचा नवरा देवाजी मिशनच्या शाळेत शिपाई. त्यानं मला आडवं पाडलं, पोटाला दार कापलं, बिजागऱ्या ठोकल्या, आत जाळी बसवली, तळाला वाळू पसरली. खाली बाभळीचे निखारे, पाठीवर ताटभर निखारे. झाली केकची भट्टी! माझ्या पहिल्या केकचा वास असा सुटला, की स्टेशनातलं इंजिन तीनदा शिटी मारून पुन्हा जागच्या जागी बसलं. खोटं वाटत असेल तर मावल्याच्या कोणत्याही कुत्र्याला विचारा. एकदा देवाजीनं मंचेरियलहून दगडी कोळसा आणून माझ्याखाली पेटवला. त्या नाताळात चर्चच्या अख्ख्या मंडळीच्या तोंडून आठ दिवस धूर निघत होता. गाणी मात्र सुरात झाली.

तुळजाबाई म्हणजे नाव देवीचं आणि गळ्यात क्रूस. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, नवं नाव घ्या. ही म्हणाली, "आईनं ठेवलेलं नाव हाय साहेब. देवाले चालते, तं तुमाले काऊन नाही चालत?" साहेबांनी तेच नाव वहीत लिहिलं.

पण त्या बाप्तिस्म्यानं तिचा भाऊ तुटला. थोरला भाऊ महिपतराव, इथं बाजारहत्नूरला. भांडण नाही, शिवी नाही. नुसतं बोलणं बंद, येणं-जाणं बंद. मग तुळजाबाईनं एक रीत धरली. दर नाताळाला फराळाचा छोटा डबा भरायचा, मी तो नव्हे. करंज्या, शंकरपाळी, चकल्या, आणि सगळ्यांत वर कागदात गुंडाळलेला केकचा जाड तुकडा. डबा बाजारहत्नूरच्या लाल बसच्या कंडक्टरच्या हाती जायचा आणि तीन दिवसांनी त्याच हाती परत यायचा. करंज्या संपलेल्या. चकल्यांचा चुरासुद्धा नाही. केक मात्र जसाच्या तसा.

"अम्मा, केक वापस," कंडक्टर म्हणायचा, आणि उगाच बसची घंटी वाजवायचा.

अशी सात वर्षं.

"माह्या हातचं चालते त्याले," तुळजाबाई म्हणायची, "पण माहा येशू नाही चालत. केक नाताळाचा ना, म्हून वापस करते."

"मंग केक नको धाडू," देवाजी म्हणायचा. "काऊन जीव जाळतं?"

"करंज्या तं मी दिवाळीत बी करत होती. केक नाही धाडला, तं मी कोन हाय ते दादापासून लपवल्यावानी होते."

माझ्या पाठीवर निखारे रचताना ती दरवर्षी डोळे मिटायची. "बापा, दादाचं मन मऊ कर." मी आतल्या आत तापत असायचो. मैद्याला मऊ करणं मला जमायचं. महिपतरावांना कसं करू?

आठव्या वर्षी ती म्हणाली, "यंदाचा शेवटचा. यंदा बी वापस आला, तं मी समजन मले भाऊच नाही." त्या दिवसापासून माझ्या बिजागऱ्या ढिल्या झाल्या. सगळा भार माझ्या पोटावर!

नाताळाला चार दिवस होते. दुपारी दारात भागाबाई उभी. महिपतरावांची बायको! दाढ दुखते म्हणून शहरातल्या दवाखान्यात आलेली, बस चुकलेली, गालाला फडकं बांधलेलं. तुळजाबाई परातीत अंडी फेटत होती. तिचा हात तसाच राहिला.

"बसा ना, वयनी."

भागाबाई बसली नाही. परातीकडे बघत राहिली. फडक्याआडून म्हणाली, "बाई, एक विचारू? तुमी मुद्दाम धाडता का?"

"काय?"

"अंड्याचं. माळकऱ्याच्या घरी."

"कोन माळकरी?"

"कोन म्हंजे? तुमचे दादा! तुमी येशूच्या झाल्या, त्याच वर्सी माळ घेतली त्यायनं. कंडक्टरनं सांगतलं का याच्यात अंडं असते. तवापासून म्हनतात, 'माही माळ तोडाले पाहून राह्यली तुळजा.' तरी बी वास घेतात बरं! कागद उघडतात, डोळे लावून वास घेतात, आन् पुन्हा गुंडाळून ठेवतात. करंज्या तं पोरायलेबी देत नाहीत."

तुळजाबाई मटकन खाली बसली. आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. "बापा," ती वर बघून म्हणाली, "सात वर्सं दादाचं मन मऊ कर म्हनली. गोष्ट अंड्याची हाय म्हून एक डाव तरी सांगाचं होतं!"

देवाजी म्हणाला, "मी सकाळीच बिगरअंड्याचा नेऊन देतो."

"तुमी देसान, आन् दादा मानंन? सात वर्सं अंडं खाऊ घाल्लं या डब्याले. त्याच्या समोर होईन तवाच खरं."

मग माझे हाल सुरू झाले. राख, चिंच, पुन्हा राख. माझ्या सांध्यासांध्यांतून तिनं सात नाताळ खरवडून काढले. माझी पहिल्या केकपासूनची मायेची काजळी गेली. जुनी वाळू फेकली. मी इतका चकचकीत झालो, की एक कावळा माझ्यात तोंड बघून भांग पाडून गेला. आणि नाताळाच्या दुसऱ्या दिवशी मी बसच्या टपावर चढलो, दोरीनं बांधलेला. इच्चोडा गाव मागे पडलं, घाटाच्या वळणावळणावर माझं दार थाड थाड वाजत होतं. खाली तुळजाबाई मैद्याची पिशवी मांडीवर धरून बसलेली. वाजणारा मी एकटाच होतो, पण धडधड दोघांची होती.

महिपतराव ओट्यावर बसलेले. बहिणीला पाहिलं आणि पाठ फिरवली. उठून मात्र गेले नाहीत.  तुळजाबाईनं अंगणात तीन दगड मांडले, मला त्यांवर आडवं ठेवलं, आत ओढ्याची नवी वाळू घातली. मग परात घेऊन मोठ्यानं बोलायला लागली, जशी काही भागाबाईलाच सांगतेय. "हा मैदा घेतला, वयनी. ही साखर. हे तुमच्याच घरचं तूप. हे तुमच्याच गाईचं दही. हा सोडा. आन् बस. दुसरं काईच नाही."

ओट्यावरची पाठ किंचित वळली.

खरं सांगू? दह्याचा केक मी कधी केलाच नव्हता. फुगेल की नाही, काही कळेना. पंधरा मिनिटं तो हललाच नाही. मग हळूच वर आला. मी मनात म्हटलं, जमलं! आणि एवढ्यात गावातली दहा पोरं, दोन म्हाताऱ्या आणि एक बकरी आत डोकावायला लागली. कुणीतरी दार उघडलं आणि केक मधोमध खचला. परत पाठवण्याच्याही लायकीचा राहिला नाही.

तुळजाबाईनं तो तसाच ताटात उतरवला. डोळे मिटले. भावाच्या अंगणात, त्याच्या तुळशीसमोर, सगळ्यांदेखत ती नेहमीसारखीच मोठ्यानं प्रार्थना करायला लागली.  महिपतराव कधी जवळ येऊन उभे राहिले, मलाही कळलं नाही. तिचं आमेन होईपर्यंत ते थांबले. मग स्वतःच्या हातानं एक तुकडा कापून देवघरात घेऊन गेले. देवाला दाखवल्याशिवाय त्यांचा घास उतरत नाही. तुळजाबाईचा चेहरा उतरला, कारण मूर्तीला दाखवलेलं तिच्या धर्मात चालत नाही.

बाहेर येऊन ते म्हणाले, "तुळजे, माहा तेवढा नेला. ताटातल्याले हात नाही लावला. तुह्यं तुले खाता येते."

आणि त्यांनी तोंडात घास टाकला. बराच वेळ चावत राहिले.

"मधी बसला वाट्टे," ते म्हणाले.

"दार उघडलं त्या पोरायनं, दादा."

"गोड बी कमी हाय." मग ताट स्वतःकडे ओढलं. "आठ वर्साचा उपास धरवला मले. दे अजून."

संध्याकाळी ती मला बांधायला लागली, तेव्हा महिपतरावांनी दोरी हातातून घेतली. "हा डबा इथं राहू दे. तू येत जाय."

तेव्हापासून मी इथं. मावल्यात मंडळीच्या केकसाठी माझी सवत, दुसरी भट्टी, आली म्हणे, चारी बाजूंनी नवी कोरी. जळफळाट होतो, पण सांगायचं नाही. मी फक्त दह्याचा केक करतो, वर्षातून एकदा, नाताळाच्या दुसऱ्या दिवशी. गेल्या साली तुळजाबाई काठी टेकत आली. भागाबाईनं यंदा मला भंगारवाल्यासमोर ठेवलं होतं. महिपतराव घरातून ओरडत आले, "त्याले हात नको लावू! माही बहीन याच्यापाई येते."

खोटं आहे ते. ती माझ्यापायी येत नाही, तुम्हालाही माहीत आहे. पण तेवढ्यानं माझा गंज थांबला.

आता एकच मागणं. तुम्ही पाठवलेलं कुणी परत केलं, तर सात वर्षं झुरू नका. बसभाडं काढा आणि विचारून या. बाकी बोलायला मला वेळ नाही, आज नाताळाचा दुसरा दिवस आहे. दार दोरीनं बांधलेलं आहे, तळाची वाळू ओली आहे, आणि रस्त्यावर लाल बसचा हॉर्न वाजतोय. कुणी आहे का तिकडं? मला उन्हात काढा, लवकर!