पाटावर माझ्या शेजारी कात्री होती

मी हार्नेस बोलतोय, आणि जरा घाईत बोलतोय. आज बुधवार. उद्या सकाळी आठच्या आत कचऱ्याची गाडी आमच्या गल्लीत येते, आणि मी सात तुकड्यांत एका काळ्या पिशवीत, गराजच्या दाराशी पडलोय.

हार्नेस म्हणजे काय, ते आधी सांगतो. हरणाच्या शिकारीला जाणारे लोक इकडे, या थंड मुलखात, झाडावर मचाण बांधतात. जमिनीपासून पंधरा-वीस फुटांवर तासन्‌तास हलायचं नाही, बोलायचं नाही. थंडीने बोटं बधिर होतात, डुलकी लागते, पाय घसरतो. तेव्हा माणूस खाली जाऊ नये म्हणून खांद्यांवरून, छातीवरून आणि दोन्ही मांड्यांभोवती जे पट्टे बांधतात आणि पाठीमागून दोराने झाडाला जोडतात, तो मी. धरून ठेवायचं, एवढंच माझं काम.

माझा जन्म शिलाईच्या यंत्राखाली झाला. पाठीवर जिथे दोर जोडतात, तिथे सुई इतक्यांदा मागेपुढे गेली की मला वाटलं, ही आता थांबणारच नाही. नंतर कळलं की माझा सगळा जीव त्या चार बोटांच्या शिवणीत आहे.

पुढे अकरा महिने मी व्हिटबी गावातल्या एका दुकानात खुंटीवर होतो. येणारे रंग बघायचे, एखादा पट्टा ओढायचे आणि पुढे जायचे. मग एका सप्टेंबरात शैलेंद्र आला. मूळचा पुण्याचा, इथे इंजिनियर, वय सेहेचाळीस. बाहेर लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते आणि हा पिशवीत हिवाळ्याचा जाड कोट, बूट आणि हातमोजे घेऊन आला होता. सोबत बळवंतकाका. काका कोल्हापूरचे, पण चाळीस वर्षं इकडे. पोर्ट पेरीकडे त्यांचं थोडं रान आहे आणि शैलेंद्रला शिकारीचा नाद त्यांनीच लावला.

शैलेंद्रने तिथेच कोट चढवला आणि एकेक हार्नेस घालून बघायला लागला. पहिल्याचे मांड्यांचे पट्टे बसल्यावर काचत होते. दुसऱ्याची बकलं वाजायची, म्हणजे हरणाला आधीच वर्दी. तिसऱ्याला खिसेच खिसे, पण वजन खांद्यावर येणारं. चौथा मी. त्याने लेबलवरची वजनाची मर्यादा वाचली, त्यात स्वतःचं, कोटाचं, बुटांचं आणि क्रॉसबोचं, म्हणजे बाण सोडायच्या यांत्रिक धनुष्याचं, वजन बसतंय का ते बघितलं. मग हातमोजे घालून माझी बकलं लावली, काढली, पुन्हा लावली. स्टुलावर बसला, उठला, गुडघे उचलून बघितले, छातीचा पट्टा गळ्याशी सरकत नाही ना ते ओढून बघितलं.

“लेका,” बळवंतकाका म्हणाले, “मुलगी बघताना एवढा वेळ लावला होतास काय?”

“तेव्हा मला कुणी विचारलंच नव्हतं, काका.”

“पण बरोबर करतोयस. काचणारा पट्टा माणूस गाडीत ठेवतो आणि तसाच वर चढतो. मग तो कितीका भक्कम असंना.”

घरी आल्यावर त्याने मला गराजच्या तुळईला अडकवलं आणि जमिनीपासून फूटभर उंचीवर स्वतः लटकला. झाडावर चढण्याआधी हे करायचंच, असा काकांचा नियम. लटकल्यावर मांड्या आवळतात आणि पायांतलं रक्त अडतं. म्हणून माझ्या कमरेला एक फास असतो. त्यात पाऊल घालून उभं राहिलं की पाय मोकळे होतात. त्याची बायको माधवी फोनवर मिनिटं मोजत उभी होती.

“पुण्याला आईंना फोन लावू का? तुमचा मुलगा गराजमध्ये वाळत घातलाय म्हणून?”

“मिनिटं मोज.”

“चार झाली. तुला बघूनच हरणं पळतील रे.”

ते खरंच ठरलं. पहिल्या वर्षी त्याने एकही बाण सोडला नाही. सर्दी मात्र दर शनिवारी घेऊन यायचा. तो गराजचं दार उघडायचा तेव्हा आतून माधवी विचारायची, “आलास?” आणि तो म्हणायचा, “आलो.” बाकी काही नाही. मी खुंटीवर जायचो.

दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबरातल्या एका सकाळी, शिडीवरून मचाणावर पाय टाकताना पायरीवरच्या हिमाने त्याला फसवलं. चार फूट खाली गेला आणि माझ्यात अडकला. मी धरलं. पण धरताना माझ्या पाठीतून टर्र असा आवाज आला. त्याने तो ऐकला नाही, त्याचं हृदयच तेवढ्या जोरात वाजत होतं. त्याने फास शोधला, त्यात पाऊल रोवलं आणि काका शिडीपाशी धावत येईपर्यंत सात मिनिटं तसाच उभा राहिला.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्याने माझं लेबल मोठ्याने वाचलं. एकदा पडणं झेललं की हार्नेस पुन्हा वापरू नये, कापून टाकावा, म्हणजे दुसरं कुणी उचलून वापरणार नाही.

माधवीने मला त्याच्या हातातून घेतलं. “ज्याने तुला परत आणलं त्याला कापायचं? काहीही बोलू नकोस.”

तिने मला देवघराशेजारी टांगलं. तिथे ऊब होती, उदबत्तीचा वास होता, आणि मला एकही दिवस चैन पडलं नाही. पाठीवरची शिवण अर्धी उसवली होती. तिच्यावर कापडी झडप असते, ती उचलल्याशिवाय बाहेरून काही दिसत नाही. कुणी उचलली नाही. येणाऱ्या पाहुण्यांना माधवी माझी गोष्ट सांगायची. लोक मला हात लावून नमस्कार करायचे आणि मी आत वळवळायचो. मला जेवढं जास्त पुजतील, तेवढं मला टाकून देणं अवघड होईल, हे मला दिसत होतं.

या वर्षी खंडेनवमीला माधवीने पाट मांडला. त्यावर तिचा आणि शैलेंद्रचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, घरातली मोठी कात्री आणि कात्रीला लागून मी. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं एकेक फूल, अक्षता. एक तांदळाचा दाणा माझ्या छातीच्या बकलात जाऊन बसला, तो अजून आहे.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, शैलेंद्रने नवा हार्नेस बाहेर काढला. तोही त्याने तसाच, कोट घेऊन जाऊन निवडला होता. हलका, मांड्यांना मऊ अस्तर. शनिवारी निघायचं होतं.

“हा नाही,” माधवी म्हणाली. “जुना घाल.”

“अगं, त्याचं लेबल तू ऐकलंयस.”

“यानं कुणाला धरलंय आजवर? दुकानात टांगलेला होता. त्यानं तुला धरलंय. माझ्या डोळ्यांसमोर तू चालत घरी आलास.”

“यालाही धरता येतं. तपासलेला असतो.”

“असेल. मला जुन्यावर झोप लागते, नव्यावर नाही लागणार. जायचं तर तो घालून जा, नाहीतर जाऊ नकोस.”

त्याने नव्याचं बकल एकदा लावलं, काढलं. मला वाटलं, आता झडप उचलून दाखवेल. पण तिचा गेल्या नोव्हेंबरातला चेहरा त्याला आठवला असावा. “बरं,” तो म्हणाला, “जुना.” मापं घेऊन तीन हार्नेस नाकारणारा माणूस, बायकोच्या धास्तीपुढे माझ्यावर एक नजरही न टाकता कबूल झाला.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने मला पिशवीत भरायला घेतलं. तेवढ्यात काकांचा फोन आला, उद्या सातला निघू, आणि जाता जाता त्यांनी विचारलं, “टांगून बघितलंस न्हवं?”

“जुनाच आहे, काका.”

“जुना असो की नवा. फूटभर लटकायचं आणि मगच गाडीत बसायचं.”

तो कोट घालून तुळईखाली उभा राहिला. माधवी फोन घेऊन समोर. त्याने पाय उचलले. ऐंशी किलो माझ्या पाठीवर आले. पहिलं मिनिट गेलं. मी विचार करत होतो, आता धरलं तर उद्या वीस फुटांवर काय करू?

मी सोडलं की माझ्याकडून सुटलं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. शिवण गेली. शैलेंद्र मागे रचून ठेवलेल्या विंटर टायर्सवर दाणकन बसला. त्याला काही झालं नाही. पूजेपासून माझ्यात अडकून राहिलेलं झेंडूचं फूल तेवढं त्याच्या कोटाखाली चुरगळलं.

माधवीने मला उचललं, झडप वर केली आणि उसवलेल्या धाग्यांत बोट घालून बघितलं. मग आत गेली. परत आली तेव्हा हातात तीच कात्री होती, पात्यावर अजून कुंकू.

“मी कापतो,” तो म्हणाला.

“नको. मीच ठेवला होता.”

जाड पट्टे ते, पटकन कापले जाईनात. तिने एकेक दोन्ही हातांनी कापला. शेवटी लेबल कापताना तिने ते एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

मग नवा हार्नेस तुळईला लागला. काकांचा नियम पाच मिनिटांचा. माधवीने दहा मोजली.

तुमच्या घरात माझ्यासारखं काही असेल तर मला एवढंच म्हणायचंय, हळद लावायच्या आधी त्याची झडप उचलून बघा. आम्हाला आतून काय झालंय ते ओरडून सांगता येत नाही.

शनिवारचा दिवस मी या पिशवीत काढला. सकाळी सातला गाडी गेली. दुपारी माधवी दोनदा गराजमध्ये आली, उगाच. टायर्सना हात लावला आणि परत गेली. संध्याकाळ झाली. अखेर दार वर सरकल्याचा आवाज आला, पाठोपाठ सर्दीने भरलेल्या नाकाचा.

“आलास?”

“आलो.”