मोकळ्या कडा

आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला एक समकालीन चित्रकार निवडावा लागतो. त्याच्यावर चाळीस पानांचा प्रबंध लिहायचा आणि त्याच्यापासून प्रेरणा घेऊन स्वतःची चार चित्रं करायची. प्रेरणा अशी मागवल्यावर येते का, हे विचारायचं नसतं. वर्गातल्या बहुतेकांनी फोनवर बोट फिरवून दोन तासांत परदेशातला कुणीतरी गाठला. मला मात्र ज्याच्या घरी जाता येईल असा चित्रकार हवा होता. अमरावतीहून पुण्याला येऊन मला चार वर्षं झाली होती आणि अजून एकाही खऱ्या चित्रकाराचा उंबरठा मी ओलांडला नव्हता, याचा मला रागच होता.

म्हणून मी श्यामसुंदर मेहेंदळे निवडले. वय एकाहत्तर, राहणार कसबा पेठ. चाळीस वर्षं ते गर्दीची चित्रं काढत आलेत. तांबट आळीतले कारागीर, भाजीवाल्या, देवळासमोरच्या रांगा. जुन्या चित्रांत माणसं चौकटीबाहेर सांडतील की काय असं वाटायचं. गेल्या आठ-नऊ वर्षांत मात्र ती गर्दी मध्यभागी सरकत गेली होती आणि चारी बाजूंना नुसतं पांढरं कापड उरलं होतं. त्या मोकळ्या कडांनी मला वेड लावलं.

त्यांच्या बत्तीस चित्रांचे फोटो मी पोस्टकार्डाएवढे छापले आणि वर्षांच्या क्रमाने एका लांब कागदावर चिकटवले. प्रत्येकावर ट्रेसिंग पेपर ठेवून रंगवलेला भाग पेन्सिलीने आखला. दरवर्षी तो आकार थोडा थोडा लहान होत गेला होता. अभ्यासात इतकं स्पष्ट काही हाती लागलं की माणूस हुरळतो, आणि मी तर मुळातच हुरळणारी. ‘शहर वाढत गेलं, तसा चित्रकाराने कडांवरचा आपला हक्क सोडून दिला,’ असं भारदस्त वाक्य मी लिहिलं. आमचे उत्तरेश्वर सर प्रबंधावर सहसा चहाच्या डागाशिवाय काही ठेवत नाहीत. त्यांनी या वाक्याखाली ‘उत्तम’ लिहिलं. माझ्या चारही कॅनव्हासच्या कडा मीसुद्धा मोकळ्या सोडल्या.

आता फक्त खुद्द चित्रकाराने ‘बरोबर ओळखलंस’ म्हणायचं राहिलं होतं. सगळा जीव त्या दोन शब्दांसाठी अडकला होता.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी कागदाची गुंडाळी काखोटीला मारून त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर पोचले. दार त्यांच्या पत्नीने, हेमाकाकूंनी उघडलं.

“अमरावतीहून आलात?” मेहेंदळे सरांनी आतूनच विचारलं.

“नाही सर, आत्ता हडपसरहून आले.”

“तेही काही जवळ नाही. बसा.”

काकूंनी चहा आणला. सरांचा कप टेबलावर न ठेवता तो सरळ त्यांच्या हातात दिला आणि त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती नीट बसल्यावरच हात काढून घेतला. या वयातही किती लाड, असं मला वाटलं. मला त्या दिवशी प्रत्येक गोष्टीचा अर्थ लागत होता.

मी प्रबंध वाचायला लागले. सर डोळे मिटून ऐकत होते. तांबट आळीच्या चित्रांवरचं पान त्यांना आवडलं, मध्येच ते मान डोलावत होते. मग कडांचं प्रकरण आलं. दोन परिच्छेद झाल्यावर त्यांनी मला थांबवलं.

“कसल्या कडा?”

“तुम्ही मोकळ्या सोडता त्या.”

“मी सोडतो?”

ते माझी परीक्षा घेताहेत असं मला वाटलं. पुण्यातली मोठी माणसं असं करतात, हे आम्हाला बाहेरगावच्यांना पहिल्याच वर्षी कळतं. मी हसून उठले. स्टँडवर त्यांचं नवं चित्र होतं, नुकतंच पूर्ण झालेलं. मी तिथे जाऊन बोट ठेवलं. “ही बघा ना, सर. इथून इथपर्यंत, चांगली वीतभर.”

ते उठून आले. चित्राच्या अगदी जवळ उभे राहिले.

“तिथे दोन बायका आहेत,” ते म्हणाले. “एक पाठमोरी आहे.”

“नाही सर. तिथे काही नाही.”

त्यांनी हात उचलला आणि चित्राच्या मधोमध तळवा टेकवला. मग तो हळूहळू डावीकडे सरकवत नेला. रंगाचे जाड थर त्यांच्या बोटांखाली लागत होते, ते मला दिसत होतं. एका जागी ते थर संपले. हात पुढे सपाट कापडावरून गेला, खाली आला, उजवीकडे गेला, वर गेला. चौकटीभोवती पूर्ण फेरी झाली तरी तो कुठे अडखळला नाही.

“हेमा, तुला माहीत होतं?”

“मला वाटलं, तुम्ही ठरवून करताय,” काकू म्हणाल्या. “अहो, पेपरातसुद्धा तसंच छापून आलं होतं. मी काय विचारणार तुम्हाला?”

सर माझ्याकडे वळले. “कधीपासूनचं आहे हे?”

त्या खोलीत त्याचं उत्तर फक्त मला येत होतं. गुंडाळी उलगडून, वर्षासकट दाखवण्याइतकं पक्कं. ते सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवड्याने काकूंचा फोन आला. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. दुखत नाही, खुपत नाही. नजर बाहेरच्या बाजूने आत आत संपत येते आणि जे दिसत नाही ते मन आपल्या पदरचं भरत राहतं. त्यांना त्या पाठमोऱ्या बाईचा पदरसुद्धा दिसत असणार. डॉक्टरांनी मी तिथेच ठेवून आलेला माझा कागद मशीनच्या अहवालाशेजारी ठेवला आणि बराच वेळ पाहिला. गेलेली नजर परत येणार नाही म्हणाले. उरलेली थेंबांवर टिकेल तेवढी. चार वर्षांपूर्वी आले असते तर बरीच वाचली असती.

चार वर्षांपूर्वी त्यांचं मोठं प्रदर्शन झालं होतं. शेकडो माणसं आली होती, चित्रकार, समीक्षक, आमचे सर. सगळ्यांनी त्या कडांसमोर उभं राहून माना डोलावल्या होत्या. त्यात एखादा अडाणी माणूस असता तर त्याने सरळ विचारलं असतं, “अहो, चित्र अर्धंच का ठेवलं?” आम्हा जाणकारांना तेवढं विचारायची लाज वाटली. हॉस्टेलच्या जिन्यात बसून मी खूप रडले. त्यात दुःखापेक्षा संताप जास्त होता, आणि तो सगळा माझ्यावर होता.

प्रबंध बदलायचं मी ठरवलं. तसं सांगायला पुन्हा कसब्यात गेले. स्टँड रिकामा होता. सर खिडकीशी बसले होते.

“बदलून काय लिहिणार?” त्यांनी विचारलं.

“खरं ते.”

“खरं ते डॉक्टरांनी लिहिलंय. फाईलमध्ये आहे. जाड फाईल आहे चांगली.” मग ते माझ्याकडे वळले. “तुझ्या त्या चाळीस पानांत मी ठरवून करणारा माणूस आहे, भाग्यश्री. मला आता तसा दुसरीकडे कुठे राहता येणार नाही. बदलू नकोस.”

पहिल्यांदाच ते मला ‘तू’ म्हणाले होते. मी मान हलवली, मग ते त्यांना दिसलं नसेल हे लक्षात येऊन तोंडाने ‘हो’ म्हणाले. प्रबंध मी तसाच दिला. वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. प्रदर्शनात माझ्या चार चित्रांसमोर उभं राहून लोक कडांबद्दल बोलत होते आणि मी पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर जात होते.

पण त्या दिवशी कसब्यातून निघताना दारापर्यंत आल्यावर सरांनी मला हाक मारली.

“एक सांग. मी खरंच ठरवून सोडल्या असत्या, तर चांगल्या दिसल्या असत्या का गं?”

काकू स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या होत्या. मला खोटं बोलावं लागलं असतं तर फार बरं झालं असतं. पण त्या कडा सुंदरच दिसत होत्या. मी तसं सांगितलं, आणि ते लहान मुलासारखे हसले.